शब्दात दडलेला सिद्धांत

सेनगावच्या वर्गात ‘इन्फ्लेशन’ शिकविताना फळ्यावर ‘चलनवाढ’ लिहावे, तर विद्यार्थी सरळ विचारतो, “सर, मग नोटा कमी छापल्या की महागाई संपेल?” दोष त्याचा नव्हे, शब्दाचा आहे. ‘चलनवाढ’ हे रोगाचे नाव नसून त्याच्या एका कारणाचे नाव आहे. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात धान्य कडाडले, १९७३ च्या अखेरीस तेल-निर्यातदार देशांनी खनिज तेलाची किंमत चढविली. तेव्हाची महागाई काही केवळ नोटांनी आणलेली नव्हती. हिंदीतील ‘मुद्रास्फीती’ आणि निजामी राजवटीत आपल्याकडे उच्च शिक्षणाची भाषा असलेल्या उर्दूतील ‘इफराते-जर’ हे शब्दही त्याच वळणाचे. इंग्रजी शब्दाचा मूळ रोखही चलनाकडेच होता, हे मान्य. परंतु खुद्द त्या शब्दात ‘चलन’ नसल्यामुळे त्याचा अर्थ पुढे सरकू शकला. आपण मात्र एक वादग्रस्त सिद्धांत नावातच कोरून ठेवला. वास्तविक ‘भाववाढ’ हा शब्द बाजारात तयारच आहे. परिणामासाठी तो घ्यावा आणि ‘चलनवाढ’ कारणापुरता राखावा. निदान तोवर परीक्षकांनी ‘भाववाढ’ लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत.