डबा बदलायचा की नाही?

२०२५च्या दिवाळीला मिरजेला घरी गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी बाबांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि टॉवेल घेऊन सरळ आंघोळीला निघाले. मी म्हटलं, "अहो बाबा, चालू करून चाललात कुठे?" तर म्हणाले, "होतंय तोवर. घाई काय आहे?" आंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला, तेव्हा कुठे वर्ड उघडलं.

मी ताबडतोब निकाल देऊन टाकला. "दहा वर्षांचा डबा आहे हा. भंगारात द्या, मी नवीन पाठवतो." बाबा काहीच बोलले नाहीत. आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "पीएफमधून पैसे काढून घेतलाय तो. तुझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं तेव्हा." आता यावर काय बोलणार? चकली खात बसलो.

खरी लाज वाटली ती नंतर, आणि ती पीएफची नव्हती. ऑफिसात एखादा म्हणाला की "सर्व्हर स्लो आहे, मेमरी वाढवून द्या", तर त्याला पहिला प्रश्न मीच विचारतो, "मोजलंस का?" नेमकं कुठे अडतंय ते बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करायचा नाही, असं मी नव्या पोरांना ऐकवत असतो. आणि घरी? वय विचारलं आणि फाशीची शिक्षा सुनावली! पेशंटचं वय बघून औषध लिहून देणारा डॉक्टर आपण चालवून घेऊ का?

तर दुपारी मोजायला बसलो. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १२ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि ती तिथेच खिळलेली. म्हणजे बिचारा प्रोसेसर पाटावर बसून वाट बघतोय आणि वाढणारा एकटाच पळतोय.

यात गंमत आहे, जरा हिशोब करून बघा. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी मारायला साधारण ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा मुंडक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार. मुंडकं योग्य रिंगणावर जायला आणखी आठ-नऊ. असे बारा-तेरा मिलिसेकंद एका वाचनाला. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली इकडून तिकडून गोळा करतं. प्रत्येक वेळी ४ केबी धरले तर सेकंदाला ३२० केबी! एकसलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी देते, म्हणून खोक्यावरचा आकडा बघून आपण फसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे साध्यातली साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो वाचनं करते.

जीन अॅम्डालने १९६७मध्ये जे सांगितलं ते हेच. पाच मिनिटांतली साडेचार मिनिटं डिस्कची वाट बघण्यात जात असतील, तर प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणून वाचणार किती? पंधरा सेकंद. फक्त पंधरा. (हे आम्हाला परीक्षेला होतं. मार्क मिळाले आणि विसरलो.)

मग सहज म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघितली आणि पोटात गोळाच आला. पिवळा रंग. रीअलोकेटेड सेक्टर वाढलेले, शिवाय काही सेक्टर वाचताच येत नाहीत म्हणून रांगेत. म्हणजे डिस्क नुसती हळू नव्हती, ती चालली होती. बाबांना विचारलं, "यात काय काय आहे हो?" म्हणाले, "सोसायटीचे हिशोब. आणि आईच्या ओव्या."

आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी गेली २०१९मध्ये. त्याआधी दोन-तीन वर्षं बाबा तिच्या शेजारी बसून वहीत उतरवून घ्यायचे आणि रात्री टाइप करायचे. (बाबा जुने टायपिंग चाळीस पास, कृतिदेवमध्ये हात असा पळतो की बघत राहावं.) वहीचं काय झालं विचारलं, तर एका पावसाळ्यात भिजली. दुसरी प्रत? नाही. म्हणजे मी गाडीखर्च करून नवा डबा पाठवला असता आणि जुना खरोखरच भंगारात गेला असता, तर...

असो. आधी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. दोन फायली उघडल्या नाहीत, बाकी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सांगलीत गेलो. दुकानदाराने मॉडेल ऐकल्याबरोबर माझंच वाक्य मला ऐकवलं, "साहेब, त्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." मी निमूटपणे २४० जीबीची एसएसडी आणि डीडीआर-थ्रीची ४ जीबीची वापरलेली पट्टी घेतली. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आसपास. मदरबोर्डवर एक स्लॉट दहा वर्षं रिकामाच होता! डिस्क आजारी असल्यामुळे तिची हुबेहूब नक्कल करत बसलो नाही, विंडोज नव्याने टाकलं. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे ते आपोआप लागलं.

आता कुणी म्हणेल, विंडोज १०चं आयुष्य तर १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, मग हा उद्योग कशाला? मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथीतला, त्याला प्रवेश नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण तसलं मशीन मी साडेतीनशे किलोमीटरवर आई-बाबांच्या गळ्यात बांधणार नाही. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय होती, ती करून घेतली. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करायचे नाहीत असं ठरलं. पुढे लिनक्स मिंट टाकायचा माझा बेत आहे. कृतिदेव हा शेवटी फाँटच आहे, लिबरऑफिसमध्येही चालतो. बाबांची सवय हा वेगळा विषय.

मात्र "नवीन घ्या" आणि "जुनं बंद पडेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या सर्रास एकत्र करतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मी हा डबा ठेव असं कधीच सांगणार नाही. कपॅसिटर फुगलेल्या बोर्डावर पैसे घालणं हाही मूर्खपणाच. पण टाइप करणाऱ्या माणसाला चाळीस हजारांचं मशीन कशासाठी? त्याच्या जुन्या मशीनमध्ये काय आहे, हे तरी आधी विचारा की!

आता बाबांचं मशीन पंचवीस सेकंदांत उघडतं. पहिल्या दिवशी ते बटण दाबून टॉवेल घ्यायला वळले आणि परत आले. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आता आंघोळ आधीच करावी लागणार." मग बसले आणि त्या न उघडलेल्या दोन फायलींतल्या ओव्या आठवतील तशा पुन्हा टाइप करायला लागले. मधूनच आईला विचारत होते, पुढची ओळ काय गं?