वेगळं व्हायचं ते कुणापासून?

नांदेड-लातूरकडच्या ख्रिस्ती दोस्तांनो, तुमचा कट्टर पाळक सांगतो, जगापासून वेगळे व्हा. सिनेमा सोडा, दुसऱ्या पंथाच्या चर्चात पाय ठेवू नका. बरं. मग जात सोडा, असं का नाही सांगत? मी विचारतो. १९७० साली नागपुरात सहा चर्चसंस्था एक झाल्या. मेथडिस्ट ऐन वेळेला फुटले. (फुटण्यात आपण कमी नाही. १९७२ची पँथर १९७४लाच फुटली.) एकी झाली ती बिशपांची. महार-मांगांची सोयरीक कुठाय? ४ ऑगस्ट १९७८ला टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला जाळलं. मांग असून 'जय भीम' म्हणतो, हा त्याचा गुन्हा. जाळणारे पंथ विचारत नाहीत. गावाला तुमची जात पाठ, सरकारला मात्र दिसत नाही: बौद्ध १९९०ला अनुसूचित जातींच्या यादीत आले, ख्रिस्ती अजून बाहेर. त्या मोर्चाला तरी दोन्ही वाडे एकत्र काढा. पाळकाशी मी बोलतो.