आराम करा म्हणण्यापूर्वी

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातल्या आपल्या फिजिओथेरपी केंद्रांत ऊसतोड कामगार येऊ लागतात. कंबर धरून आलेल्या बाईला आपण तपासतो आणि सांगतो, ‘पंधरा दिवस आराम. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.’ ती मान डोलावते आणि तडक फडावर जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक जरी बसला तरी खाडा धरला जातो. अशा बाईला आराम सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. दोन आठवड्यांनी ती फिरकली नाही की आपण नोंदवहीत लिहितो, ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’

बरे, हा सल्ला शास्त्राला धरून तरी आहे का? साध्या कंबरदुखीत अंथरूण धरल्याने दुखणे लांबते, याबद्दल आता वाद उरलेला नाही. दुखापतीला विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंचावर ठेवणे हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केले. २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे व्हायला उशीर लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे, रुग्णाला नीट समजावून सांगणे आहे. नेहमीच्या उपचारांत नको म्हटलेल्या गोष्टींत ट्रॅक्शन, कंबरपट्टा, अल्ट्रासाउंड आणि टेन्स आहेत. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी हप्ते भरून घेतलेली यंत्रे. ‘करंटचा शेक’ घ्यायला आलेल्याला शेक न देता परत पाठवणे धंद्याला परवडत नाही, हे मान्य. द्या शेक. पण मिळालेल्या अर्ध्या तासातली वीस मिनिटे यंत्राला आणि दोन मिनिटे बोलण्याला, हे प्रमाण उलटे करा.

बोलताना काय बोलतो, तेही तपासायला हवे. ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ ही वाक्ये रुग्ण आपल्याच केंद्रांतून घेऊन जातो आणि मग जन्मभर वाकायला भितो. २०१५ मधल्या एका आढाव्यात, ज्यांना काहीही दुखत नव्हते अशा तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे मिरजेहून आणलेल्या एमआरआयच्या फिल्मवर जे दिसते, तेच दुखते आहे असे धरून चालता येत नाही. उसण भरली तर ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पायाळू माणसाच्या लाथेची ख्याती त्यावरच टिकली, आणि आपल्या काही यंत्रांचीही.

अपवाद विसरून चालणार नाही. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, घटत जाणारे वजन, पायातली वाढती कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून रुग्ण लगेच पुढे पाठवायचा. मणक्याचा क्षय आपल्या भागातून गेलेला नाही.

बाकीच्यांना भार बेताबेताने वाढवत न्यायचा असतो, आणि हे ज्ञान सातारा-सांगलीला कुणी शिकवायला नको. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे, मल्ल मारुती माने कवठेपिरानचे. इथल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. तो जोर-बैठका वाढवत नेतो, मधूनच एखादा दिवस नुसती माती खणायला लावतो. खांदा दुखावलेल्या मल्लाला घरी बसवत नाही. बैठका चालू ठेवतो. आखाड्यातली सगळीच परंपरा डोळे मिटून घ्यावी असे नाही. सांधा निखळल्यावर जोरात ओढून बसवण्याचे उद्योग थांबलेलेच बरे. पण भार ठरवण्याची वस्तादाची नजर आपल्या चिठ्ठीत यायला हवी.

फडात ती कशी येईल? बुडख्याशी वाकून तोडणे, मोळी बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणे, या तिन्हींचा ताण वेगळा. दुखणे कमी होईपर्यंत कंबर धरलेल्या बाईने मोळ्या बांधाव्यात, वाहणे दुसऱ्याकडे द्यावे, मोळी थोडी लहान बांधावी; टोळीत एवढी अदलाबदल होऊ शकते, पण त्यासाठी मुकादमाशी एकदा आपणच फोनवर बोलावे लागते. तासगावच्या द्राक्षबागांत विरळणी करणाऱ्या बायका मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून उभ्या असतात. त्यांना मानेचे व्यायाम छापलेला कागद देऊन भागत नाही. पायाखाली घ्यायचा पाट आणि दर अर्ध्या तासाला हात खाली सोडणे, हा त्यांच्या उपचाराचा पहिला भाग. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. शंभर किलोचे पोते पन्नासवर आले ते बाबा आढावांसारख्यांच्या आणि हमाल संघटनांच्या लढ्यामुळे. त्याने जेवढ्या पाठी वाचल्या असतील, तेवढ्या आपल्या सगळ्या केंद्रांनी मिळून वाचवल्या नसतील. उसाच्या मोळीला मात्र अजून कुणी काटा लावत नाही.

उलट टोकाला साताऱ्याचे धावपटू आहेत. यवतेश्वराचा घाट उतरताना मांडीचे स्नायू लांबत-लांबत भार झेलतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात, आणि तरीही ही मंडळी लगेच पुन्हा घाटात. त्यांना आराम परवडतो, पण करवत नाही. तिथे दोन दिवस सपाटीवर चाला म्हणून दटावणे हे आपले काम.

पुढच्या अंकापासून ‘कामाच्या जागेवरून’ हे सदर सुरू करत आहोत. फड, बाग, हमाली, आखाडा, यंत्रमाग, कुठलेही काम चालेल. रुग्णाचे नाव, गाव नको. काम नेमके काय, त्यातला कोणता भाग बदलला, किती दिवस खाडा पडला आणि तीन महिन्यांनी माणूस कामावर आहे की नाही, एवढे लिहून पाठवा. जमले नाही ते प्रयोगही पाठवा, ते आधी छापू.