हिला परत आणायला किती पडतात?

मागच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत तिघीजणींनी मला एकच वाक्य ऐकवलं. "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं गं, आम्ही आपले मैदानात." तिघी वेम्बलीतल्याच, माझ्या वयाच्या, ठाणे-डोंबिवलीकडच्या. खरं सांगा, नव्हतं? मे महिन्यात भरदुपारी कुठल्या मैदानात होतात तुम्ही? मी तरी गिरगावात मामाकडे, मामेभावाच्या कॉम्प्युटरसमोर होते.

१९९९, दहावीची सुट्टी. त्याने लॅमिंग्टन रोडवरून 'फायनल फँटसी सेव्हन' आणला होता. चार सीडी, अर्थातच पायरेटेड. (बिल नाही. आज क्लायंटने असं काही केलं तर मी सोडणार नाही.) जपानी गेम, १९९७चा. शिनरा नावाची कंपनी जमिनीतली जीवनशक्ती उपसून वीज विकते आणि क्लाउड नावाचा भाडोत्री सैनिक तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांत सामील होतो. पानंच्या पानं इंग्रजी वाचायला लागायचं, तेही मोडक्यातोडक्या भाषांतराचं. मराठी मीडियमची मी, मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायचे. शेवटची सीडी घासलेली निघाली, त्यामुळे शेवट काही बघता आला नाही.

यंदा ३१ जानेवारी पार पडल्यावर (टॅक्सवाल्यांना कळेल) तोच गेम स्विचवर विकत घेतला, पंधरा पौंडांच्या आत. इयर एटमधला मुलगा शेजारी येऊन बसला.

आठवणीतला भव्य गेम ठोकळ्यांचा निघाला. हात म्हणजे विटा. चार पावलं टाकली की लढाई. नव्या आवृत्तीत तिप्पट वेगाचं बटण आहे, ते मी अजिबात लाज न बाळगता वापरलं. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये.

मग पहिल्या भागाच्या शेवटी एरिस मेली. (पंचवीसपेक्षा जास्त वर्षं झाली, आता कसलं गुपित?) फुलं विकणारी मुलगी. तासन्‌तास खपून तिची लेव्हल वाढवलेली, सगळं राइट-ऑफ. तेव्हा मी आठवडाभर तिला जिवंत करायचा मार्ग शोधत होते, मामेभावाने शपथेवर सांगितलं होतं की आहे म्हणून. नाहीये. माझा मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आई, हिला परत आणायला किती पडतात?"

मला कळलंच नाही. किती काय?

"पौंड."

त्या रात्री मी कार्डाची स्टेटमेंट्स काढली. फुटबॉलच्या एका गेममध्ये चार महिन्यांत ११४ पौंड. बंद पाकिटं विकत घ्यायची, आत कुठला खेळाडू निघतो ते पैसे गेल्यावर कळतं. दोन पौंड, चार पौंड, किराणा आणि पेट्रोलच्या मध्ये कुठेतरी. क्लायंटकडे पाच पौंडांच्या पार्किंगची पावती मागणारी मी, घरात मात्र रोज एकच प्रश्न विचारत होते: किती वेळ खेळलास?

तुम्हीही तोच विचारता. टायमर लावता, रात्री वायफाय बंद करता, ग्रुपवर स्क्रीन टाइमचे लेख टाकता. आणि कार्ड? ते अकाउंटला जोडलेलंच असतं. स्क्रीनला शिव्या घालणं सोपं आहे हो, कारण त्यात आपल्याला काही वाचावं लागत नाही. कथा असलेला, एकदाच पैसे घेणारा, संपणारा गेम आणि ते पाकिटांचं दुकान तुम्ही एकाच टोपलीत टाकता. मुलाला दिसतं की आईला फरक कळत नाही, मग तो सांगायचं बंद करतो. माझ्याने केलं होतं.

ईलिंग रोडवरच्या कुठल्याही दुकानात त्याला एक पौंडाचं स्क्रॅचकार्ड मिळणार नाही. २०२१ पासून लॉटरीचं वय १८ आहे. पाकिटं मात्र तो बाराव्या वर्षी फोडतो, कारण इथल्या २००५च्या जुगार कायद्यात बक्षीस पैशात किंवा पैशाच्या मोलाचं असलं तरच तो जुगार, आणि गेममधला खेळाडू अधिकृतपणे विकून रोख मिळत नाही. कागदोपत्री बरोबर. पण मी हिशेबाच्या बाजूने विचारते, रोख फक्त आत जात असेल आणि बाहेर कधीच येत नसेल, तर गिऱ्हाइकासाठी ते जुगारापेक्षा बरं कसं? बेल्जियमने २०१८ मध्येच अशी विकतची पाकिटं जुगारात धरली. इथल्या सरकारने २०२२ मध्ये कायदा न बदलता उद्योगानेच स्वतःला शिस्त लावावी असं ठरवलं. घ्या!

आता कोणीतरी म्हणणारच, तुमच्या त्या जुन्या गेममध्येही गोल्ड सॉसर आहे, शर्यती, पैजा, सगळं. आहे ना. तिथे मी भरपूर हरले. पण हरले ते गेममध्येच कमावलेलं. मामाच्या खिशातून एक रुपया गेला नाही.

मुलाला ओरडले का? ओरडले. मग स्वतःवर चिडले, कारण पासवर्ड मीच दिला होता, क्लायंटच्या कॉलवर असताना, कटकट नको म्हणून.

तर आज रात्री टायमर राहू दे बाजूला. मुलांच्या अकाउंटची पर्चेस हिस्टरी उघडा, मूल शेजारी बसवून. कार्ड काढून टाका. आणि "आमच्याकडे असं नाहीये" हे बघायच्या आधी नको, बघून झाल्यावर लिहा. कमेंटमध्ये फक्त आकडा टाका, नाव-गाव काही नको.

पहिला माझा: ११४.