हिरवा रंग तेवढा काढा

भारतीय हवामान विभागाच्या महासंचालकांना खुलं पत्र

महोदय,


पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या खात्याचे दोन नकाशे महाराष्ट्रात घरोघरी पोचतात. एक इशाऱ्यांचा, ज्यात जिल्हे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत असतात. दुसरा पाऊस सरासरीहून किती टक्के जास्त वा कमी झाला ते दाखवणारा. पहिल्यावरून शाळांना सुट्टी मिळते आणि होड्या किनाऱ्याला लागतात. दुसऱ्यावरून दुबार पेरणीच्या आणि टँकरच्या गोष्टी सुरू होतात. दोन्ही नकाशे एकाच माणसाच्या मोबाइलवर येतात आणि दोन्हींत लाल-पिवळ्याचा क्रम एकमेकांच्या उलट आहे.

इशाऱ्याच्या नकाशात पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’ आणि लाल म्हणजे ‘आता हालचाल करा’. पावसाच्या टक्केवारीत मात्र लाल म्हणजे 20 ते 59 टक्के तूट, आणि पिवळा म्हणजे 60 ते 99 टक्के. मराठवाड्यातला एखादा जिल्हा लालाचा पिवळा झाला, तर बघणाऱ्याला वाटेल, चला, जरा बरं झालं. तिथे तर तूट आणखी वाढलेली असते. सूची वाचली तर उलगडा होतो, हे मान्य. पण सूची बारीक अक्षरांत, एका कडेला. चार ग्रुपांवरून फिरून आलेल्या चित्रात ती शिल्लक असली तरी वाचता येत नाही.

हे झालं धड डोळ्यांच्या माणसांचं. ज्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांच्यापुढे अडचण आणखी मोठी आहे. अशा अनेकांना हिरवा, पिवळा आणि नारिंगी हे एकाच मातकट पिवळ्याचे प्रकार दिसतात, आणि काहींना लाल जवळजवळ काळपट. रंगांधळेपणाचा हा प्रकार पुरुषांत जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत प्रमाण सुमारे 8 टक्के, भारतातल्या पाहण्यांत ते याहून कमी येतं. दोनच टक्के धरू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 5 कोटी 82 लाख पुरुष होते, म्हणजे अशी माणसं 11 लाखांहून जास्त झाली. त्यांत मच्छीमार आले, एसटीचे प्रवासी आले, आणि आपल्याला असा काही दोष आहे हे ज्यांना आयुष्यात कुणी सांगितलंच नाही असेही पुष्कळ आले.

या विषयावरचा पहिला शास्त्रीय निबंध एका हवामान निरीक्षकाने वाचला, हे आपल्या खात्यात ठाऊक असेलच. जॉन डाल्टन. अणुसिद्धांतासाठी आपण त्याला ओळखतो, पण 1793 साली त्याने पहिलं पुस्तक काढलं ते हवामानाच्या नोंदींवर. त्या नोंदी 1787 पासून 1844 मध्ये मरेपर्यंत त्याने चालू ठेवल्या. 1794 साली मँचेस्टरमध्ये त्याने स्वतःच्याच नजरेबद्दल निबंध वाचला, आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत असं सांगून ठेवलं. जपून ठेवलेल्या डोळ्यातल्या डीएनएची तपासणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं असं निघालं. सत्तावन्न वर्षं आकाशाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाला आपला आजचा इशाऱ्याचा नकाशा धड वाचता आला नसता.

आणि दुरुस्ती किती सोपी आहे पाहा. फिकट पिवळा, मध्यम नारिंगी, गडद लाल ही उतरंड मुळात चांगली आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईतही ती टिकते, कारण रंग गेला तरी फिकट-गडद उरतं. खेड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून निघालेली प्रतसुद्धा वाचता येईल. मोडता घालतो तो हिरवा. तो या उतरंडीत कुठेच बसत नाही, आणि सांगतो काय, तर इशारा नाही. मग तो जिल्हा कोराच ठेवा ना. ब्रिटनचं हवामान खातं पिवळा, अंबर आणि लाल एवढेच रंग वापरतं. इशारा नसेल तिथे रंगही नाही. वर प्रत्येक रंगीत जिल्ह्यात 1, 2 किंवा 3 असा ठळक आकडा छापला, तर रंग न दिसणाऱ्याचंही अडणार नाही.

टक्केवारीच्या नकाशाला थोडी जास्त मेहनत लागेल. तिथे एका टोकाला गडद तपकिरी, दुसऱ्या टोकाला गडद निळा आणि मधे जवळजवळ पांढरा अशी मांडणी हवी. ही जोडी लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांनाही वेगळी ओळखता येते. अमेरिकेतल्या सिंथिया ब्रुअर यांनी नकाशांसाठी तयार केलेल्या रंगसंचांत अशा जोड्या मिळतात, तेही फुकट. शिवाय कोरडी जमीन तपकिरी आणि पाणी निळं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणखी एक. उणे 19 टक्क्यांचा जिल्हा ‘सर्वसाधारण’ म्हणून हिरवा, आणि उणे 20 टक्के झाला की थेट लाल. शेतात त्या एका टक्क्याने काही घडलेलं नसतं. रंग गडद होत गेले तर ही उडीही निम्मी होईल.

चक्रीवादळाच्या मार्गावर आपण जो शंकू काढता, त्याबद्दल लांबण लावत नाही. तो पुढे रुंद होत जातो म्हणजे वादळ मोठं होत जातं, अशी समजूत सर्रास आहे. ‘वादळाचं केंद्र या पट्ट्यात कुठेही असू शकतं, वारा-पाऊस पट्ट्याबाहेरही’ एवढं वाक्य चित्रावरच मराठीत छापा. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. अशा वेळी श्रीवर्धनच्या माणसाने टीप शोधत बसावी का?

जे मुळीच पाहू शकत नाहीत, त्यांच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर नकाशापाशी आला की ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. उपाय साधा आहे. प्रत्येक नकाशासोबत जिल्हा, इशारा आणि कधीपर्यंत, हे तीन तपशील मजकूर म्हणून द्या, चित्रात कोरून नव्हे. तारीख मोठी हवी, कारण कालचा लाल नकाशा आजही फिरत असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या आठव्या कलमात नैसर्गिक आपत्तीत दिव्यांगांना इतरांसारखंच संरक्षण मिळायला हवं असं म्हटलंय. इशारा हा त्या संरक्षणाचा पहिला भाग नव्हे का?

आपल्या खात्याला हे जड नाही. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आलं तेव्हा वेळेवरचा इशारा लोकांपर्यंत पोचला, लाखोंना हलवता आलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. अंदाज बांधण्याचं अवघड काम आपण केलंच आहे.

मोसमी पावसाची बेरीज 1 जूनला शून्यापासून सुरू होते. नवे रंग आणायचे तर त्याच दिवशी आणा. जुलैच्या मध्यात बदलले, तर आधीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवून तुलना करणारे कृषी सहायक आपल्याला शिव्या घालतील. आणि छापण्यापूर्वी नमुन्याची एक काळी-पांढरी प्रत काढून खात्यातल्याच एखाद्या शिपायाला विचारा, सगळ्यात जास्त धोका कुठे आहे म्हणून.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक