आधी तास बघा, नाव नंतर

"नाम देख के ही बाजू में रख देते बेटा, काहे को अब्बू का पैसा डुबाता?" मंगरूळपीरला एका दावतीत एका चाचांनी बारावीतल्या पोराला हे ऐकवलं. पोराने एवढंच विचारलं होतं की पायलट व्हायला काय लागतं. मी शेजारी बसलो होतो. मला राग आला, पण चाचांवर राग काढून काय उपयोग? ते खोटं बोलत नव्हते.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासोबत केलेला अभ्यास २००७ साली छापून आला. सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले गेले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने १००० जागांसाठी एकाच पात्रतेचे दोन बायोडाटा पाठवले. प्रियंका शर्मा या नावाला २०८ होकार आले, हबीबा अली या नावाला १०३. यापुढे "मेहनत करा, सगळं मिळतं" हे भाषण मला कुणी देऊ नये.

हे दोन्ही अभ्यास पायलटच्या नोकऱ्यांवर नव्हते. आणि इथेच चाचांचं गणित चुकतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, भरतीसाठी बायोडाटा वाचायला बसलोय. आमच्या धंद्यात "टीममध्ये बसेल का" असा एक गोलमोल रकाना असतो आणि घाण तिथेच लपते. पायलटच्या अर्जात सुरुवातीला अशी जागा फार कमी. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः विमानाचा ताबा घेऊन. डीजीसीएचे पेपर, क्लास वन मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, एअरबस किंवा एटीआरसारख्या विमानाचं टाइप रेटिंग, शेवटचं उड्डाण कधी केलं. भरती करणारा आधी हेच आकडे चाळतो, कारण आकडा कमी असेल तर त्याला त्या माणसाला घेताच येत नाही. पुढे लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर. मुलाखत सहसा शेवटी.

मग माझा सवाल विमान कंपन्यांना आहे. पहिली चाळणी आकड्यांचीच असेल, तर त्या वेळी नाव, फोटो, वडिलांचं नाव स्क्रीनवर कशाला? अर्ज ऑनलाइनच येतात. चाळणी करणाऱ्यापासून तीन रकाने लपवायचे, नावाच्या जागी क्रमांक दाखवायचा. हे मोठं काम नाही; असले बदल मी स्वतः केलेत. "सुरक्षा तपासणीला नाव लागतं" हे उत्तर येईलच. लागतं ना! पण विमानतळाच्या पाससाठीची पोलीस पडताळणी निवड झाल्यावर होते, चाळणीच्या वेळी नाही. सिम्युलेटरचे गुण लागल्यावर खुशाल नाव बघा. त्यानंतर कुणाला नाकारलंत तर कारण लिहून ठेवा.

आपल्या पोरांनाही एक सांगायचंय. समीरचा सॅम करू नका. आणि लॉगबुकात एक तासही वाढवू नका. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढलेले पायलट पकडले गेले, परवाने रद्द झाले, अटका झाल्या. या धंद्यात कागद फिरून तपासले जातात, आणि आपल्यातला एक सापडला तर पुढच्या दहा जणांच्या फायली जास्त बारकाईने उघडल्या जातील.

पण खरं सांगू का, वाशिमचा पोरगा भरतीवाल्याच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. गोंदियाला बिरसीत विमान उडवायला शिकवतात, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे, म्हणजे अंतराची अडचण नाही. अडचण खर्चाची. परवान्यालाच अर्ध्या कोटीच्या आसपास जातात, टाइप रेटिंग वेगळं. नीती आयोगाच्या आकांक्षित यादीतल्या जिल्ह्यात हा आकडा उच्चारला की घरात शांतता पसरते. चाचांना नाव दिसतं. मला ही चाळणी जास्त मोठी दिसते, कारण तिथे आपल्याला नाकारल्याची नोंदसुद्धा होत नाही.

नागपूरच्या महाज्योतीने ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत पायलट प्रशिक्षण राबवलं. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार, पिंजारी हे सगळे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? जे या यादीत नाहीत त्यांच्यासाठी राज्याने २०२४ मध्ये मार्टीला मंजुरी दिली. मार्टीकडे वैमानिक प्रशिक्षणाची मागणी जिल्ह्याजिल्ह्यातून लेखी जायला हवी. जलशात भाषण ठोकून ती पोचत नाही.

दावतीतून निघताना त्या पोराला दोन गोष्टी सांगितल्या. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस, आणि फी भरण्याआधी मेडिकल करून घे; डोळ्याची किंवा कानाची अडचण असेल तर आधीच कळलेली बरी. मग जात विचारली. बागवान. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर अजून काढलेलं नव्हतं. सोमवारी तहसीलला जातो म्हणाला.