लपवलं म्हणजे काढलं नव्हे

भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुदतीची शेवटची रात्र. 'सबमिट' दाबलं की काहीच होत नव्हतं. लाल अक्षरांतली चूकही दिसत नव्हती. मी वीस वर्षं वेबपेजं लिहून पोट भरतो, आणि फोनवर तिला एवढंच सांगू शकलो, "पुन्हा दाब गं." बारा वाजले.

पान तिने उघडंच ठेवलं होतं, म्हणून सकाळी कारण सापडलं. 'वसतिगृहात राहते' या चेकबॉक्सवर टिक केली की नोंदणी क्रमांकाची चौकट उघडायची आणि ती भरणं सक्तीचं व्हायचं. तिने चुकून टिक केली, लगेच काढली. चौकट गेली, सक्ती राहिली. ब्राउझरने रिकामी सक्तीची चौकट पाहून अर्ज अडवला. 'हे भरा' सांगायला गेला तर ती चौकट पानावर दिसतच नव्हती. तक्रार उमटली ती कन्सोलमध्ये, जिथे प्रोग्रॅमरखेरीज कुणी फिरकत नाही. हेल्पलाइनचं म्हणणं, "बाकीच्यांचे अर्ज गेले की!" गेलेच असणार. त्यांनी मन बदललं नव्हतं.

आमच्या धंद्यात हा पहिल्या आठवड्याचा धडा. टिक केली की दाखवा, काढली की 'डिस्प्ले नन'. दोन ओळी, झालं. (मीही नवख्यांना तो असाच शिकवलाय.) पण 'डिस्प्ले नन' फक्त नजरेआड करतं. त्या चौकटीत आधी काही भरलं असेल, तर तेही अर्जाबरोबर मुकाट्याने जातं. चौकट खरोखर बाद करायची तर ती 'डिसेबल्ड' करावी लागते. मग ब्राउझर ती तपासतही नाही, पाठवतही नाही. अनेक चौकटी असतील तर त्या एका 'फील्डसेट'मध्ये घालून तोच 'डिसेबल्ड' करता येतो. म्हणजे एकच शब्द जास्त. तो न लिहिण्याला मी घाई म्हणणार नाही. लिहिणाऱ्याने टिक काढून एकदाही पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ग्राहकाला फसवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'विरुद्ध केंद्र सरकारने 2023मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार मोजले. ते सगळे लबाडीचे. आळसाने माणूस अडवला तर कुठल्या कलमाखाली दाद मागायची? लबाडी निदान पकडता तरी येते.

हेल्पलाइनने शेवटी सुचवलं, पुढच्या वर्षी अर्ज करा. तिचं हे शेवटचं वर्ष आहे.